स्वतःची बाजू स्वतः मांडताना : बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींचे आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या साप्ताहिक गटात बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी येतात. कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणाला सोबत ऑटिझमही आहे, काही जण शब्दांत बोलत नाहीत. मी या गटाची सहायक आहे. पुढचे बहुतेक प्रश्न पालकांनी, भावंडांनी आणि विशेष शिक्षकांनी विचारलेले आहेत. शेवटचे प्रश्न सभासदांचे स्वतःचे आहेत. त्यांची उत्तरं त्यांच्यासाठीच लिहिली आहेत, म्हणून ती वाक्यं छोटी आहेत. पालकांनी ती मोठ्याने वाचून दाखवावीत.

स्वतःची बाजू स्वतः मांडणं म्हणजे नेमकं काय?

मला काय हवं, काय नको, कशाचा त्रास होतो, हे त्या व्यक्तीने स्वतः सांगायचं आणि ऐकणाऱ्याने त्यानुसार काहीतरी बदलायचं. दुसरा भाग झाला नाही, तर पहिल्याला फारसा अर्थ राहत नाही. सेल्फ अ‍ॅडव्होकसी म्हणतात ती हीच.

सांगणं तोंडानेच व्हायला हवं असं नाही. एका कार्यशाळेत मेणबत्त्या करताना एक तरुण सारखा उठून जायचा. वर्तन-समस्या म्हणून त्याची नोंद होत होती. मग कुणीतरी त्याच्यासमोर कार्यशाळेतल्या सगळ्या कामांचे फोटो मांडले. त्याने कागदी पिशव्यांचा फोटो उचलला आणि मेणाचा फोटो उलटा करून ठेवला. त्याला तापलेल्या मेणाचा वास सोसत नव्हता. उठून जाणं ही त्याची तक्रारच होती, ती तक्रार म्हणून कुणी वाचली नव्हती, इतकंच.

बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता एकच का?

नाही. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेत बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त असते, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं. बौद्धिक अक्षमतेत समजून घेणं, तर्क करणं आणि रोजचे व्यवहार या सगळ्यांतच मदत लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या २१ प्रकारांमध्ये दोन्ही आहेत. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळत आल्या आहेत. तिथेही माझं सांगणं हेच, की जादा वेळ किंवा लेखनिक का हवा, हे दहावीतल्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. कॉलेजात आई बरोबर येणार नाही.

इथून पुढे मी मुख्यतः बौद्धिक अक्षमतेबद्दल लिहिते आहे.

इतकी वर्षं आम्ही पालकच बोलत आलो. ते चुकीचं होतं का?

अजिबात नाही. पालक आणि शिक्षक बोलले नसते, तर आज काहीच नसतं. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली, पुण्यात १९६४ मध्ये कामायनी, नाशिकला १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर. त्या त्या काळी अशा मुलांना घरातल्या आतल्या खोलीत ठेवायची रीत होती. १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियमही पालकांच्या चिकाटीशिवाय आला नसता. ‘परिवार’ हा पालक संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ आजही हे काम करतो आहे.

पण पालकांच्या आणि सभासदांच्या मागण्या शेजारी शेजारी ठेवून बघा. पालकांची पहिली मागणी बहुधा कायमस्वरूपी निवासाची असते. सभासदांना विचारलं, तर पुढे येतं ते असं: माझ्या कपाटाची किल्ली माझ्याकडे हवी, मित्राकडे एकट्याने जायचंय, कार्यशाळेत मिळतात ते पैसे मला हातात हवेत, सगळ्यांसमोर मला ‘बाळ’ म्हणू नका. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. आजवर सरकारपुढे, विश्वस्तांपुढे आणि पत्रकारांपुढे पहिलीच यादी गेली. दुसरी कुणी लिहून घेतली नाही.

ही कल्पना बाहेरून आली आहे. आपल्याकडे चालेल का?

चळवळ म्हणून ती बाहेर सुरू झाली, हे खरं आहे. १९७० मध्ये स्वीडनमधल्या मालमो शहरात बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांची परिषद भरली आणि काम, घर, फावला वेळ याविषयी त्यांनी स्वतः मागण्या मांडल्या. अमेरिकेत ओरेगन राज्यात १९७४ मध्ये ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना उभी राहिली. आम्ही आधी माणसं आहोत, हा तिचा आग्रह होता. न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन यांचं बरंचसं बालपण मोठमोठ्या संस्थांमध्ये गेलं. २०१६ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक समितीवर निवडून आले. त्या समितीवर जाणारी बौद्धिक अक्षमता असलेली ती पहिली व्यक्ती.

ही समिती दिव्यांग हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख करते, त्याला भारताने २००७ मध्येच मान्यता दिली आहे आणि आपला २०१६ चा कायदा त्यावरच उभा आहे. तेव्हा आपल्याकडे चालेल का, या प्रश्नाचं उत्तर संसदेने दिलेलं आहे. घरात चालू करणं बाकी आहे. आपल्या घरांत निर्णय एकत्र होतात, एकट्याचे नसतात, असं पालक म्हणतात. बरोबर आहे. मग त्या एकत्र निर्णयात या सदस्याचीही एक जागा असू द्या. सहलीला कुठे जायचं हे ठरताना चुलत भावंडांना विचारतात, तसं हिलाही विचारा.

तिला समजतच नाही. मग ती निर्णय कसा घेणार?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कुठला निर्णय, हे आधी सांगा. ‘समजत नाही’ हे सगळ्या निर्णयांना एकदम लावता येत नाही. जमिनीचं वाटणीपत्र समजणार नाही, पण कुठल्या मावशीकडे राहायला आवडतं हे पक्कं माहीत असतं. आपला भारतीय करार कायदाही असंच बघतो: तो विशिष्ट करार करताना तो समजून घेण्याची आणि त्यात आपलं हित काय हे ठरवण्याची क्षमता त्या व्यक्तीकडे होती का, एवढाच प्रश्न त्यात विचारला आहे.

मग निर्णय लहान करा. “पुढे काय करणार?” याला कुणालाच पटकन उत्तर देता येत नाही. दोन ठिकाणी प्रत्यक्ष नेऊन आणा, दोन्हीकडे काही दिवस बसू द्या, फोटो काढा आणि मग फोटो समोर ठेवून विचारा. न बघितलेल्या गोष्टीतून निवड करता येत नाही. ज्या मुलीने आयुष्यभर आईने काढून ठेवलेलाच ड्रेस घातला, तिला एकदम “तुला कुठला हवा?” विचारलं तर ती गोंधळणारच. तो गोंधळ सवय नसल्याचा आहे. सकाळी दोन ड्रेस पलंगावर ठेवण्यापासून सुरुवात करा.

उत्तर मिळालं तरी तपासून घ्या. आमच्या बऱ्याच सभासदांना प्रत्येक गोष्टीला “हो” म्हणायची सवय लागलेली असते, कारण शाळेत आणि घरात “हो” म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते. काही जण शेवटचा शब्द उचलतात. “चहा की सरबत?” विचारलं की “सरबत”. मग थोड्या वेळाने क्रम उलटा करून विचारा. “सरबत की चहा?” याला “चहा” आलं, तर अजून उत्तर मिळालेलंच नाही. अशा वेळी दोन कप समोर ठेवावेत.

आणि थांबा. प्रश्न विचारून आपण जेमतेम दोन सेकंद थांबतो आणि मग स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. काही जणांना पूर्ण मिनिट लागतं. ते मिनिट शांत बसून द्यायचं, हे सहायकाचं सर्वांत अवघड काम आहे.

हे सगळं करूनही एखाद्या निर्णयाबद्दल काहीच कळलं नाही, तर तिच्या आजवरच्या आवडीनिवडींवरून अंदाज बांधावा लागतो. तोही तिला ओळखणाऱ्या तीन-चार जणांनी मिळून बांधावा आणि कशावरून बांधला ते लिहून ठेवावं.

मुलगा अठरा वर्षांचा झाला. सगळे म्हणतात लगेच कायदेशीर पालकत्व घ्या. घ्यावं का?

आधी हे समजून घ्या, की अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कुठल्याच मुलाचे कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. दिव्यांग मुलाबाबतही तेच. राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकत्व देऊ शकते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, शिवाय नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती सदस्य असते. ही सोय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांपुरती आहे.

पालक हवाच आहे का आणि कशासाठी हवा आहे, या दोन्ही गोष्टी समितीने बघायच्या, असं कायद्यात लिहिलं आहे. अर्ज भरून देणारे एजंट आणि घाईत असलेले आपण हा भाग वगळून टाकतो. अर्जात ‘अमुक बँकेतील मुदत ठेव’ किंवा ‘वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा दावा’ असं नेमकं कारण लिहा. ‘सर्व बाबींसाठी’ लिहू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: विशिष्ट निर्णयापुरतं, विशिष्ट काळापुरतं, परस्पर विश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. इतर कायद्यांखाली नेमलेल्या पालकानेही आता तसंच वागायचं आहे.

ज्याची नेमणूक होते, त्याच्यावर जबाबदाऱ्याही येतात. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पालकाने हेळसांड केली, तर त्याला काढण्यासाठी अर्ज करता येतो. हे भावंडांना आधीच सांगून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. बँकेत अडलं म्हणून, शेजाऱ्यांनी घेतलं म्हणून, किंवा “असू दे, पुढे लागेल” म्हणून पालकत्व घेऊ नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तुमच्या मुलाला मालमत्ता बाळगायचा, आर्थिक व्यवहार करायचा आणि कायद्यापुढे इतरांइतकंच स्थान असण्याचा हक्क आहे. छोटं बचत खातं त्याच्या नावावर, त्याच्याच हातात. मोठी रक्कम दुसरीकडे. पुष्कळ घरांत एवढ्याने भागतं. खरंच गरज असेल तिथे मात्र संकोच न करता अर्ज करा. आणि समितीपुढे जाताना मुलाला सोबत न्या, “माझा पालक कोण व्हावा” हे त्याला सांगू द्या.

“नाही” म्हणायला शिकवलं तर ती उद्धट होईल, हट्टी होईल.

थोडी होईल. होऊ द्या.

वर्षानुवर्षं आपण या मुलींना सांगतो, की ताई सांगतील ते ऐकायचं, सर सांगतील ते करायचं, काका हात धरतील तर धरू द्यायचा. ज्या मुलीला आयुष्यात एकदाही “नाही” म्हणू दिलेलं नाही, ती बसमध्ये, वसतिगृहात किंवा नातेवाइकाच्या घरी नेमक्या त्या क्षणी “नाही” कुठून आणणार? वरणात मीठ जास्त झालं, “नको” म्हणून ताट सरकवलं, तर ते चालवून घ्या. मोठ्या प्रसंगासाठी लागणारा तोच आवाज आहे.

हा विषय महाराष्ट्राने विसरू नये असा आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, हे दिलेलं कारण होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. त्या मुलींना काय वाटत होतं, हे त्या सगळ्या गदारोळातही फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तिला मूल हवं होतं आणि तिने तसं सांगितलं होतं.

लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल, तर दिव्यांग व्यक्तीला पोलीस ठाण्यात जायची सक्ती नाही. घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाषी हजर ठेवून आणि चित्रीकरण करून तिची माहिती नोंदवावी लागते. दंडाधिकाऱ्यांपुढे झालेला तिचा जबाब पुढे खटल्यात सरतपासणी म्हणून धरला जातो, म्हणजे तेच सगळं कोर्टात पहिल्यापासून सांगावं लागत नाही. हे पोलिसांनाही प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही. तुम्ही आग्रह धरा.

मतदान करता येतं का?

येतं. सक्षम न्यायालयाने ‘मनोविकल’ म्हणून जाहीर केलेलं असेल तरच नाव वगळता येतं. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रावर, काय लिहिलंय यावरून मताधिकार जात नाही आणि स्थानिक समितीचं पालकत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे न्यायालयाचा तसा निकालही नव्हे. यंत्रावर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह दोन्ही असतात. पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून घरी सराव करा. कुणाला मत दिलं, हे बाहेर आल्यावर विचारू नका. तिने आपण होऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी.

गट सुरू करायचा आहे. कसा करावा?

जागा पालकांच्या बैठकीपासून लांब हवी. गटाची बैठक शाळेत भरली, तर शिक्षक बघताहेत म्हणून कुणी मनातलं बोलत नाही. वाचनालयाची खोली, सोसायटीचा हॉल, काहीही चालेल. पालकांनी दाराशी सोडून निघून जायचं. सुरुवातीला हेच सर्वांत जड जातं, आणि बहुतेक वेळा जड जातं ते पालकांनाच.

अध्यक्ष सभासदांतूनच निवडा आणि आळीपाळीने बदला. बोलायची पाळी कळावी म्हणून एखादी वस्तू हातात द्या. आमच्याकडे लाकडी चमचा आहे, ज्याच्या हातात चमचा तो बोलणार. विषय पत्रिका चित्रांची करा. सोप्या मराठीतला कागद म्हणजे मोठी अक्षरं, एका वाक्यात एकच गोष्ट, शेजारी चित्र. “सदर बाबतीत उचित कार्यवाही करण्यात येईल” ऐवजी “आम्ही रंजना मॅडमना पत्र लिहू.” त्या मॅडम कोण, हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

सहायकाने कोपऱ्यात बसायचं. सभासदाचं वाक्य पूर्ण करायचं नाही, त्याला शोभेसं करायचं नाही. पत्र लिहून देताना शब्द त्याचे राहू द्यायचे. आणि गटाने ठरवलेली एक तरी गोष्ट महिनाभरात खरोखर घडवून आणायची, अगदी संडासाच्या दाराची कडी दुरुस्त करून घेण्याइतकी छोटी असली तरी. नुसतंच बोलायला लावलं आणि काहीच बदललं नाही, तर लोक येणं बंद करतात आणि ते योग्यच करतात.

हक्क नाकारला तर तक्रार कुठे करायची?

पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. दिव्यांग व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. लोकांसमोर मुद्दाम अपमान केला, मारहाण केली, अन्नपाणी रोखलं, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्जावर सही किंवा अंगठा त्या व्यक्तीचाच घ्या. शक्य असेल, तर अर्जातलं पहिलं वाक्य तिचं असू द्या.

आमच्यानंतर काय?

या प्रश्नाने आईवडिलांची झोप उडते, हे मी रोज बघते. निवासी संस्था शोधा, ट्रस्ट करा, इच्छापत्र करा, राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा घ्या. हे सगळं करायलाच हवं. पण दोन माणसांची कल्पना करा. एकाजवळ सगळी कागदपत्रं आहेत, पण आईशिवाय त्याला कुणी ओळखत नाही, आणि काही दुखलं-खुपलं तर सांगायची त्याला सवय नाही. दुसऱ्याजवळ कागद कमी आहेत, पण कोपऱ्यावरचा किराणावाला, व्यायामशाळेतला मित्र, मामेबहीण आणि गटातली मंडळी त्याला नावाने ओळखतात. जेवण मिळालं नाही तर तो फोन करून सांगतो. तुमच्यानंतर संस्थेत काय चाललंय हे बाहेर कळण्याची वाट दुसऱ्याकडे आहे, पहिल्याकडे नाही. म्हणून मी पालकांना सांगते, की साठीपर्यंत थांबू नका, तुम्ही धडधाकट असतानाच त्याची माणसं जोडायला लागा. ती माणसं त्याची असू द्या, तुमची नकोत.

सभासदांचे प्रश्न

हॉटेलात वेटर आईला विचारतो, “याला काय हवं?” मी काय करू?

तू वेटरकडे बघ. हात वर कर. म्हण, “मला विचारा. मला मसाला डोसा हवा.” बोलता येत नसेल तर मेन्यूवर बोट ठेव. आईला आधी सांगून ठेव, की तिने उत्तर द्यायचं नाही.

आई माझा मोबाइल बघते.

तू मोठी आहेस. तुझा मोबाइल तुझा आहे. आईला काळजी वाटते, कारण फोनवर फसवणारी माणसं असतात. आईशी बोल. दोघींनी मिळून नियम ठरवा. कुणी पैसे मागितले, ओटीपी मागितला, किंवा कपडे काढलेला फोटो मागितला, तर तू लगेच सांगायचं. मैत्रिणीशी काय बोललीस, ते सांगायची गरज नाही.

मला लग्न करायचं आहे. सगळे हसतात.

हसणं बरोबर नाही. तुझ्यासारख्या लोकांनी लग्न करायचंच नाही, असं कायदा म्हणत नाही. पण लग्न म्हणजे काय, हे दोघांनाही समजलं पाहिजे आणि दोघांनीही मनापासून हो म्हटलं पाहिजे. घर, पैसे, शरीरसंबंध, मूल, भांडण, याबद्दल आधी शिकावं लागतं. ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा माणसाकडे हे विषय काढ. तो हसला, तर दुसऱ्या माणसाकडे जा.

माझे पैसे दादाकडे असतात. मागितले की तो चिडतो.

ते पैसे तुझे आहेत. दादाला म्हण, “मला पासबुक बघायचं आहे.” गटातल्या एकाला बरोबर घेऊन जा. दादा पैसे सांभाळतो, तर त्याने हिशेब दाखवला पाहिजे. नाही दाखवला, तर आम्हाला सांग. आपण मिळून पत्र लिहू.

मी निवडलं आणि ते चुकलं तर?

परत निवड. तुझा दादा कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात गेला, तेव्हा त्याला कुणी म्हटलं नाही, की आता तू काही ठरवू नकोस.

मीटिंगमध्ये उभं राहिलं की मी विसरतो.

बसून बोल. आधी घरी तीन चित्रं काढ. एका कागदावर एक गोष्ट. पहिलं चित्र दाखव आणि बोल, मग दुसरं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून तो मीटिंगमध्ये लावलास तरी चालतं. लोक मध्येच बोलायला लागले तर म्हण, “माझं अजून संपलं नाही.” हे वाक्य घरी म्हणून बघ. जोरात म्हण.